करिता सुमित्राबाई

त्या सोमवारी सकाळी मी अर्धा किलो गहू घेऊन चक्कीवर गेलो. चक्कीवाल्या अश्विननं डबा हातात तोलून पाहिला.

"काकाजी, एवढेच? घरी कबुतरं पाळले का?"

"सोळा सोमवारच्या चुरम्याचे आहेत. जाडसर दळजो."

त्यानं डबा खाली ठेवला. हा डबा श्रावणापासून दर सोमवारी माझी बायको घेऊन यायची, हे त्याला आठवलं असावं. तिची तेरवी आदल्याच दिवशी झाली होती. त्यानं न सांगता जातं झाडून घेतलं, गहू टाकले आणि पीठ पडेपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही. रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चालल्या होत्या. हिंगणघाटात या दिवसांत हवेत रुईची तुसं उडतात आणि गावभर सरकीचा वास असतो. दिवाळी आमच्याकडे सुतकात गेली होती. मला फक्त झोप हवी होती, आणि पुढे आख्खा दिवस उपास होता.

मी मधुकर. तहसील कचेरीत चौतीस वर्षं काढली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. देवाधर्माचं म्हणाल तर मी आस्तिक नाही. नास्तिकही नाही, कारण त्यालाही मेहनत लागते. घरातला देव सुमित्राच्या ताब्यात होता आणि पुस्तकांचं कपाट माझ्या. अडतीस वर्षं दोघांनी एकमेकांच्या खात्यात ढवळाढवळ केली नाही.

सोळा सोमवार तिनं रक्षासाठी धरले होते. रक्षा आमची एकुलती मुलगी. दोन वेळा पाचव्या महिन्यात पोटातलं गेलेलं. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा डॉक्टरांनी पाठ टेकून राहायला सांगितलं, म्हणून ती माहेरी आली. जावई राकेश बल्लारपूरकडे कोळसा खाणीत. पाळी सुटली की रविवारी येऊन जायचा.

व्रत सोपं आहे, फक्त करणाऱ्याचा जीव काढतं. दिवसभर उपाशी राहायचं. दिवेलागणीला महादेवाची पूजा, मग 'ॐ नमः शिवाय'ची एकशे आठ मण्यांची एक माळ, मध्ये उठायचं नाही. नंतर चुरम्याचे तीन वाटे करायचे. एक देवळात, एक लोकांना, आणि तिसरा ज्याचं व्रत त्याला. त्यानं त्या दिवशी तेवढंच खायचं. असे सोळा सोमवार, सतराव्याला उद्यापन.

सुमित्राचे बारा झाले. बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ती दूध घ्यायला दार उघडायला गेली, उंबऱ्यावर बसली आणि उठली नाही. पातेलं मांडीत तसंच होतं, सरळ.

तेरवीची पंगत उठल्यावर शेजारच्या मंदाबाई भांडी मोजून ठेवत होत्या. सोमवार, चतुर्थी, एकादशी या विषयांवर आमच्या आळीत त्यांचा शब्द शेवटचा.

"भाऊ, सोमवाराचं काय करता?"

"काय करायचं?"

"सुतकातला मोजत नाई, पर चार राह्यले नं. अर्धं सोडलेलं व्रत उलटते जी. ज्याच्यासाठी धरलं, त्याच्यावरच."

आतल्या खोलीत रक्षा पडून होती. दार उघडं होतं. तिनं पोटावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. सातवा संपून आठवा लागला होता.

"मी करतो," मी म्हणालो.

"तुमी? तुमाले शुगर हाय."

"शुगर महादेवाला चालत नाही असं पोथीत कुठे लिहिलंय?"

मंदाबाईंनी पदर खोचला. "बरं. मंग संकल्प कोनाच्या नावानं सोडता?"

हातात पाणी घेऊन नाव-गोत्र सांगायचं आणि अमक्यासाठी अमकं व्रत करतो म्हणायचं, तो संकल्प. मी विचार केला. माझा विश्वास नाही, तेव्हा माझ्या नावानं संकल्प म्हणजे खोटं प्रतिज्ञापत्र. विश्वास तिचा, व्रत तिचं. कचेरीत साहेब दौऱ्यावर असले की आम्ही सही करायचो आणि वर लिहायचो, 'करिता तहसीलदार'. जबाबदारी साहेबाची, हात आमचा. चौतीस वर्षांत त्यामुळे कधी अडचण आली नाही.

"तिच्याच नावानं," मी म्हणालो. "मी फक्त करिता सुमित्राबाई."

तेरा दिवसांत रक्षा पहिल्यांदा हसली. "बाबा, तुमी देवासमोर बी कारकूनच."

मंदाबाई हसल्या नाहीत. पण असं चालत नाही असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनाही हा प्रकार नवा असावा.

तेरावा सोमवार साधा गेला. मी तिच्या आसनावर बसलो, तिची माळ घेतली. घराबाहेर अंधार पडत होता. पोट रिकामं, कंबर धरलेली. मंत्र माझ्या तोंडून हजेरीपट वाचल्यासारखा निघत होता. चुरमा रक्षाच्या सांगण्यावरून मीच केला, लाडू होण्याइतका घट्ट. पहिला वाटा मंदाबाईंनी देवळात नेला, दुसरा आळीत गेला. तिसऱ्यापाशी मी थांबलो. साखरेचा त्रास होताच, शिवाय जे मूळ पदावरच्या माणसाचं, ते प्रभारी माणसानं कसं खायचं? मी तो वाटीत घालून तिच्या पाटासमोर ठेवला, झाकला, आणि दूध पिऊन झोपलो.

सकाळी वाटी जशीच्या तशी होती. मुंगीसुद्धा नाही. टाकवेना म्हणून चिमूटभर तोंडात घातला. गूळ नव्हता. तूपही नव्हतं. म्हणजे दिसत होतं सगळं, तुपाचा ओघळ वाटीला लागलेला होता, पण जिभेवर नुसता भुसा. मी स्वतः गूळ किसला होता. आदल्या रात्री रक्षानं याच परातीतला खाऊन "आईपेक्षा गोड केला" म्हटलं होतं. ती वाटी मी गाईपुढे ठेवली. गाईनं वास घेतला आणि मान फिरवली.

वय झालं की चव जाते, असं मी स्वतःला सांगितलं.

चौदाव्या सोमवारी मी लवकर उरकायच्या बेतात होतो. मणी भराभर सरकवत होतो. तिसेक झाले असतील, तेव्हा आतून रक्षाचा आवाज आला. झोपेतला, जड.

"बाबा... जरा हळू म्हना नं."

"का गं? त्रास होतो?"

"मले नाई... आईले दम लागून राह्यला."

माझा हात मण्यावर तसाच राहिला. मी उठायला निघालो आणि आठवलं, मध्ये उठायचं नाही. मान वळवून पाहिलं. दारातून तिचा चेहरा दिसत होता. डोळे मिटलेले, श्वास संथ. गाढ झोपलेली.

मी पुन्हा सुरू केलं. या वेळी हळू. आणि हळू म्हणायला लागल्यावर ऐकू आलं... माझ्या शब्दाच्या शेवटाला किंचित उशिरा संपणारा दुसरा शब्द. खोलीत घुमतो तसा नाही. घुमलेल्या आवाजाला दम लागत नाही. दर दहा-बारा मण्यांनी तो थांबायचा, श्वास घ्यायचा आणि मला गाठायला धावायचा. मागे वळून पाहण्याची माझी छाती झाली नाही. मी फक्त वेग आणखी कमी केला. नवराबायको चालताना नवरा पुढे निघून जातो आणि मग लाजेखातर थांबतो, तसा.

सकाळी वाटीतला चुरमा मी चाखला नाही.

मधले सहा दिवस मी स्वतःला पुष्कळ समजावलं. उपासानं साखर उतरते, कान वाजतात. रक्षाला विचारलं तर तिला काही आठवत नव्हतं. ती बरी होती. बाळ हलत होतं. दोन्ही वेळा याच्या कितीतरी आधी सगळं संपलं होतं, म्हणून ती रोज सकाळी कॅलेंडरवर एक रेघ मारायची. ती रेघ पाहिली की मला बोलावंसं वाटेना.

पंधरावा सोमवार. दिवे लावले आणि लाइट गेली. समईच्या उजेडात मी बसलो. सरकीचा वास खिडकीतून येतच होता, पण त्याच्याखाली दुसरा एक वास होता, गुडघ्याला चोळायच्या बामचा. ती बाटली मीच तेरवीनंतर फेकली होती.

आवाज या वेळी पहिल्या मण्यापासून होता. आणि तो थकलेला होता, हे मला अजून नीट सांगता येत नाही. भुताच्या गोष्टी मी भरपूर वाचल्या आहेत. त्यांत मेलेली माणसं रागावलेली असतात, तहानलेली असतात. उभ्या पंगतीला वाढून झाल्यावर बाई भिंतीला टेकते आणि तेवढ्यात कोणीतरी तिला पुन्हा हाक मारतो, त्या वेळचा थकवा मी कुठल्याच पुस्तकात वाचलेला नाही. हा तो होता.

साठ-सत्तर मणी झाले असतील. मंत्र थांबला. माझ्या डाव्या खांद्यामागून, अगदी हळू...

"अजी... किती राह्यले?"

"चाळीस," मी म्हणालो.

अडतीस वर्षांची सवय. तिनं विचारायचं, मी न पाहता उत्तर द्यायचं. उत्तर तोंडातून गेलं, मग कळलं ते कोणाला दिलं. समईची वात हलत नव्हती. आत रक्षा कूस बदलत होती. मागे कापड सळसळलं, कोणीतरी पाय बदलला.

"उपाशी हाओ मी... दर सोमवारी उठवता."

मला तेव्हा कळलं मी काय केलं होतं. व्रत तिच्या नावावर होतं, म्हणजे ती अजून कामावर होती. मेल्यावर सुटी मिळायला हवी होती, ती मी एका शब्दानं रद्द केली होती. मी नुसता हात असल्याचं सांगत होतो, पण उपास घडत होता तिला.

माळ कशीबशी पुरी केली. ती पुरी होईपर्यंत तीही म्हणत राहिली. तिसरा वाटा मी दुप्पट करून ठेवला. त्याचा उपयोग नव्हता हे मला माहीत होतं.

सकाळी मी मंदाबाईंकडे गेलो. त्या अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या.

"मंदाबाई, व्रतावरचं नाव बदलता येतं का? तिचं काढून माझं घालायचं."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग आवाज उतरवून विचारलं, "काऊन? येते का?"

मी मान हलवली. त्यांनी "आई वं" म्हटलं आणि हातातल्या मिरच्या तशाच खाली ठेवल्या.

"नाव बदलता येते, भाऊ. पर मंग व्रत तुमचं. पह्यल्या सोमवारापासून."

"म्हणजे सोळा."

"सोळा."

बाळंतपणाला सहा आठवडे होते.

"आणि नुसतं सोडलं तर?"

मंदाबाईंनी आमच्या घराच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे रक्षाचं कॅलेंडर दिसत होतं. त्या म्हणाल्या, "मले नका विचारू जी. मी सांगीन आन् मंग काही झालं तं मले झोप येनार नाई."

ते सहा दिवस मी कसे काढले ते राहू द्या. एका बाजूला मेलेली बायको, दमलेली. दुसऱ्या बाजूला जिवंत मुलगी आणि जिवंत व्हायचं असलेलं मूल. विश्वास नसलेल्या माणसाला यात निवड करणं सोपं जावं. मला गेलं नाही. सोमवारी दिवेलागणीला मी आसनावर बसलो, माळ हातात घेतली आणि समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणालो, "सुमित्रा, एवढा एकच. पोरीसाठी. मग सुटी."

मी पहिला मणी धरला. मग मागे ते जड, सावकाश बसणं. गुडघा मोडल्याचा आवाज.

"नक्की?" तिनं विचारलं.

"नक्की."

पन्नासावा मणी असेल. आत काहीतरी सांडल्याचा आवाज झाला आणि रक्षा ओरडली, "बाबा! पानी गेलं... बाबा!"

मध्ये उठायचं नाही. मी उठलो. माळ आसनावर टाकली, एकशे आठला फोन लावला. मंदाबाई ओल्या हातानं धावत आल्या. गाडी येईपर्यंत रक्षा माझं मनगट धरून एकच विचारत होती, "माळ झाली का, बाबा? माळ झाली का?"

"झाली," मी म्हणालो.

तिला गाडीत चढवलं आणि मी कुलूप लावायला मागे आलो. कडी ओढताना आतून आवाज येत होता. एकटाच. मला गाठण्यासाठी धावणारा नाही, कोणाच्या पुढे जाण्यासाठी धावणारा. श्वास न घेता, शब्दावर शब्द आदळत... मी कुलूप लावलं आणि पळालो.

मुलगी झाली. एक किलो नऊशे ग्रॅम. रडली मात्र मोठ्यांदा. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर अवघड होतं.

सकाळी घर उघडलं. माळ आसनाच्या मधोमध गोल करून ठेवलेली होती. आसनाला हात लावला तर ते ओलंचिंब होतं. नोव्हेंबरचा शेवट, पहाटे अंगावर शाल लागत होती. मी ते उन्हात टाकलं. वाळायला तीन दिवस लागले.

बाळ तीन आठवडे दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं, नळीनं दूध चालू होतं. त्यातच सतरावा सोमवार आला. मंदाबाईंनी जोडपी जमवली आणि मी उद्यापन केलं. ताम्हनात पाणी सोडताना मनात म्हणालो, सुमित्रा, आता तू मोकळी. त्या संध्याकाळी घर खरंच रिकामं होतं. मी पहिल्यांदा तिच्यासाठी रडलो. त्याआधी वेळच मिळाला नव्हता.

मग बाळ घरी आलं, रविवारी. रात्री ते गटागटा प्यालं. सोमवारी सकाळपासून त्यानं तोंड लावलं नाही. ताप नाही, रडणं नाही. नुसतं डोळे उघडे ठेवून पडलेलं. डॉक्टरांना फोन झाले, मंदाबाईंनी दृष्ट काढली. संध्याकाळी मी कसाबसा ताटावर बसलो, पहिला घास घेतला आणि आतून रक्षा ओरडली, "पिऊन राह्यली, बाबा!"

मंगळवारी सगळं सुरळीत. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. मी जेवायला बसेपर्यंत थेंब नाही.

सुमित्रानं अडतीस वर्षांत माझ्याआधी घास घेतला नव्हता. मंदाबाईंना हे माहीत होतं. त्यांनी गालावर बोटं ठेवली, "सुमित्राच आली वं पोटी!" म्हणाल्या आणि आळीत पेढे वाटले. रक्षा इतकी हसली की तिचे डोळे भरून आले. राकेशनं सासूबाईंच्या फोटोला हार घातला. सगळं घर आनंदात होतं. मी त्यांना काय सांगणार होतो? मी तिला सुटी कबूल केली होती म्हणून?

तेव्हापासून मी सोमवारी सकाळी सहालाच जेवून घेतो. मी पोटभर खाल्लं की ती पोटभर पिते. मला भूक नसली की ती अर्ध्यावर सोडते. रक्षा आणि मी यावर कधीच बोललो नाही. सोमवारी ती माझ्या ताटाजवळ उभी राहते आणि आणखी एक पोळी वाढते, एवढंच.

मागच्या महिन्यात माझ्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात तपासणी लिहून दिली. उपाशीपोटी यायचं, सोमवारी नऊला नंबर. साडेनऊपर्यंत मोकळा होईन या हिशेबानं मी गेलो. तीन वाजले तरी मी बाकावरच होतो.

फोन वाजला.

"बाबा, तुमी काही खाल्लं का?"

"नाही. तपासणी व्हायची आहे. ती रडते का?"

"रडून नाई राह्यली." रक्षाचा आवाज फार शांत होता. "नुसती दाराकडे पाहून राह्यली. ओठ सुकले तिचे... बाबा, ते तपासणीचं राहू द्या नं."

दवाखान्याच्या फाटकाशी नाश्त्याची गाडी होती. मी आलूबोंडा घेतला. फोन कानाला तसाच होता. पहिला घास गिळला आणि पलीकडून चुटुचुटु आवाज यायला लागला. रक्षानं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.

मागून सिस्टर आल्या. "मधुकरराव तुमीच नं? नंबर आला तुमचा. अन् हे काय, खाऊन राह्यले? आता कशी होईन तपासणी?"

त्यांनी चिठ्ठीवर पुढची तारीख घातली. ही तपासणी त्यांच्याकडे फक्त सोमवारी होते, आणि उपाशीपोटीच, हे त्यांनी दोनदा बजावलं.

मी चिठ्ठी खिशात ठेवली आणि उरलेला आलूबोंडा सावकाश संपवला.